न दिसणारं काम

४ जानेवारी

धाकट्या,

आशीर्वाद नेहमीचेच, ते मी न मागता पाठवते. पत्र बघून हसू नकोस. फोनवर तू "हो ताई, हो ताई" म्हणत असतोस आणि मागे बटणं बडवल्याचा आवाज येत असतो. पत्र धरायला निदान हात तरी रिकामे करावे लागतील. उत्तरही पत्रानेच पाठव, नाहीतर मी वाचणार नाही.

तर, तुझं ऐकलं एकदाचं. दुरुस्तीच्या त्या ॲपवर तुझ्या भाऊजींचं नाव घातलं. घातलं म्हणजे मीच घातलं. ते शेजारी बसून, दात काढायला आल्यासारखं तोंड करून माहिती सांगत होते. तिथे व्यवसाय निवडायचा होता. शिवणकाम होतं, चेन बदलणं होतं, चपला होत्या, रफू नव्हतं. सगळ्यात खाली 'इतर' असं होतं, ते निवडलं. तेव्हापासून हे घरात येताना "इतर आले" असं म्हणत येतात. सुईइतकीच जीभही टोकदार आहे, तुला माहीत आहेच.

काम असं आहे. गिऱ्हाईक घरबसल्या फोनवरून कपडा देतं. दुचाकीवरून एक माणूस तो पिशवीत घालून आणून देतो. सुई लावायच्या आधी फाटलेल्या जागेचा फोटो काढायचा, काम झालं की त्याच जागेचा पुन्हा काढायचा आणि दोन्ही पाठवून द्यायचे. गिऱ्हाइकाचं तोंड बघायचं नाही. हे त्यावर पहिल्या दिवसापासून कुरकुरतात. म्हणतात, कपडा कोणाच्या अंगावर बसतो ते बघितल्याशिवाय तो कुठे ताणला जाणार ते कसं कळायचं. मी म्हटलं, जमवून घ्या.

कारण जमवावंच लागणार आहे. गल्लीतली माणसं आता दुकानात येत नाहीत. समोरचा कुलूपवाला उठला, त्याच्या जागी पार्सलं वाटायचं काचेचं दुकान आलं. परवा आमच्या जागेचा मालक येऊन भिंतींवरून हात फिरवून गेला. भिंतींवरून उगाच कोणी हात फिरवत नाही. दुकान गेलं तर हे कुठे बसतील? घरी बसून काम होईल असं तू म्हणशील. घरात तसा उजेड नाही. दुकानाच्या खिडकीत बसून त्यांचे डोळे तयार झालेत.

आणखी एक. बाबांचा कोट जपून वापर. तू फोनवर विचारलंस ना, की तसाच धागा बाजारात मिळेल की, त्यावर हे दोन दिवस हसत होते. अरे, रफूला बाहेरचा धागा चालत नाही. रंग कितीही जुळला तरी उन्हात गेल्यावर चोर पकडला जातो. त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून धागा काढायचा आणि तोच विणायचा. बाबांच्या कोटाचं कोपर दोनदा झालं, खिसा झाला, कॉलर झाली. आत आता एखाद्या वेळेपुरताच धागा उरलाय.

ताई


१६ जानेवारी

ती. ताई, साष्टांग नमस्कार.

पत्र टाइप केलंय म्हणून रागावू नकोस. माझं अक्षर आता मलाच लागत नाही.

भाऊजी ॲपवर आले हे वाचून इतका आनंद झाला की ऑफिसात चार जणांना सांगितलं. मी नक्की काय करतो, असं तू नेहमी विचारतेस आणि मी टाळतो. आज सांगतो. देशाची अर्थव्यवस्था दरवर्षी वाढते, त्या वाढीत ॲप, इंटरनेट, ऑनलाइन व्यवहार या सगळ्यांचा वाटा किती, हे आमचा विभाग काढतो. त्याचा अहवाल निघतो, त्यावरून पुढची धोरणं ठरतात. भाऊजी इतकी वर्षं दुकानात बसून जे काम करत होते ते आमच्या हिशेबात फक्त अंदाजाने धरलं जायचं. आता त्यांचा प्रत्येक कपडा नोंदला जाईल. खऱ्या अर्थाने ते आता देशाच्या वाढीत दिसायला लागतील.

आमच्या मोठ्या मॅडमना सांगितलं तर त्या हसून म्हणाल्या, "तुमचे मेहुणे वाढीच्या विरुद्ध काम करतात की. कपडा रफू झाला म्हणजे नवा विकला गेला नाही." त्यांची थट्टा करायची पद्धत तशी आहे. पण लगेच म्हणाल्या, अहवालाला एक चेहरा हवाच आहे. जुना हुन्नर आणि नवं तंत्रज्ञान, लोकांना आवडेल. मी फोटोग्राफर पाठवला तर चालेल ना? भाऊजींना म्हणावं, फक्त नेहमीसारखं काम करत बसा.

मालकाची काळजी करू नकोस. ॲपवर बस्तान बसलं की तोच चहा घेऊन येईल.

तुझा धाकटा


३ फेब्रुवारी

धाकट्या,

टाइप केलेलं पत्र वाचताना वाटलं, वीज तोडायची नोटीस आली. असो.

म्हणजे आम्ही इतकी वर्षं अंदाजाने जगत होतो. हे मी यांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "बरोबर आहे, मलाही तसंच वाटत होतं."

पण खरं सांगते, तुझ्या ॲपची नालस्ती आता मी करणार नाही. कामं येतायत. रोज येतायत. गिऱ्हाइकं चांदण्या देतात, पाचपैकी पाच. एका वकील बाईंच्या काळ्या कोटाला सिगारेटने भोक पडलं होतं. त्यांनी लिहिलं, कुठे फाटलं होतं ते मला सापडत नाही, दुसराच कोट तर आला नाही ना. यांनी ते वाक्य मला तीनदा वाचायला लावलं. वर साळसूदपणे म्हणतात, "बाई हुशार दिसतात." रफूवाल्याला याहून मोठी शाबासकी नसते. काम दिसलं नाही म्हणजे काम झालं.

तुझा फोटोग्राफर येऊन गेला. भला माणूस होता. यांना भिंग डोळ्याला लावायला लावलं, शेजारी फोन उभा करून ठेवला, मागची जुनी दिनदर्शिका काढून टाकली. कपडा कुठला घेऊ असं यांनी विचारलं तर म्हणाला, कुठलाही चालेल, फक्त मोठं भोक असलेलं द्या, लहान दिसत नाही. मला कोपऱ्यात उभी केली आणि नंतर म्हणाला, बाई, तुम्ही जरा बाहेर जाता का.

मालक आला होता. यांनी त्याला चांदण्या दाखवल्या. त्याने चष्मा वर करून पाहिल्या आणि म्हणाला, पावसाळ्यापर्यंत बघू.

ताई


२१ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं उत्तर यायच्या आधीच लिहिते आहे.

ॲपवरचं खातं बंद झालं. सकाळी फोन उघडला तर लाल पट्टी. तिच्यात लिहिलंय की, दुरुस्ती केल्याचा पुरावा आढळत नाही, कामानंतरच्या फोटोत दुसऱ्याच कपड्याचा फोटो लावल्याचा संशय आहे, त्यामुळे फसवणुकीच्या कारणावरून सेवा थांबवली आहे. माणूस नाही, यंत्रच दोन फोटो ताडून बघतं म्हणे. आधीच्या फोटोत भोक, नंतरच्यात कोरं कापड. मध्ये शिवण नाही, गाठ नाही, काही नाही. म्हणजे यांनी दुकानातून नवा कोट आणून त्याचा फोटो काढला, असं त्याचं म्हणणं.

यांना मी दुपारपर्यंत सांगितलंच नाही. मग सांगावं लागलं, कारण पिशवीवाला आला नाही. त्यांनी सुया डबीत घातल्या, डबी खिशात घातली आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले. आयुष्यभर ज्याच्यासाठी डोळे फोडले, त्यालाच कोणी चोरी म्हटलं तर माणसाने काय उत्तर द्यायचं?

तू तिथे आहेस. तुझा शब्द चालत असेल. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलेलं नाही, आता मागते. हे मिटवून दे.

ताई


५ मार्च

ती. ताई, साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. उशीर झाला, इथे अहवालाची गडबड आहे.

मी चौकशी केली. कंपनी खाजगी आहे, तिच्या कारभारात मला थेट हात घालता येत नाही. फोटोची अट सगळ्याच कारागिरांना आहे. ती नसती तर लोकांनी काम न करताच पैसे उचलले असते, हेही लक्षात घे. एवढ्या मोठ्या व्यवस्थेत प्रत्येकाकडे जाऊन कोण बघणार? यंत्रावर विश्वास ठेवावाच लागतो.

मार्ग आहे. खातं पुन्हा उघडायला नव्या कामाचे फोटो पाठवता येतात. भाऊजींनी फक्त इतकं करावं की काम जरासं दिसू द्यावं. धागा किंचित वेगळ्या रंगाचा घ्यावा, किंवा थोडा जाड. परदेशात म्हणे हल्ली मुद्दाम दिसेल असं रफू करतात, त्याची फॅशन आहे. एकदा यंत्राची खात्री पटली की झालं. त्यांच्यासारख्या माणसाला वाईट काम करणं काय अवघड आहे?

हसत हसत सांग त्यांना. आणि माझ्यावर रागावू नकोस.

तुझा धाकटा


२२ मार्च

धाकट्या,

हसत हसत सांगितलं. आधी त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. मग पत्र त्यांच्या हातात दिलं. 'वाईट काम करणं काय अवघड आहे' या ओळीवर अंगठा ठेवून बसले होते.

तरी त्यांनी करून पाहिलं, हे तुला कळावं म्हणून लिहिते. माझ्यासाठी केलं. माझाच राखाडी स्वेटर घेतला, त्याला निळा धागा घेतला. चार घरं विणली. मी समोर भाजी निवडत होते, पण लक्ष तिकडेच होतं. पाचव्याला सुई थांबली. मग त्यांनी ती चारही उसवली, इतक्या हलक्या हाताने की स्वेटरला कळलंही नसेल. म्हणाले, "हात असं करायला शिकलेला नाही. आता शिकवायला घेतला तर आधीचं विसरेल." मी म्हटलं, थोड्या दिवसांपुरतं. तर म्हणाले, "हाताला थोडे दिवस कळत नाहीत." मग नेहमीसारखं, त्याच स्वेटरच्या आतल्या लोकरीने विणून दिलं. त्याचे फोटो पाठवले. यंत्राने पुन्हा लाल पट्टी पाठवली.

मी स्वस्थ बसले नाही. वकील बाईंना गाठलं. त्या बिचाऱ्या स्वतः लिहून द्यायला तयार झाल्या. मग कंपनीला फोन लावला, बराच वेळ गाणी ऐकली आणि शेवटी एक जिवंत मुलगी सापडली. तिला सगळं सांगितलं. मुलगी गोड होती. म्हणाली, "काकू, मला पटतंय, पण आमच्या हातात नाही. फोटोत दुरुस्ती दिसलीच पाहिजे, हा नियम आमचा नाही, सरकारी आहे. त्याशिवाय ते काम नोंदीत धरत नाहीत." मी विचारलं, सरकारी म्हणजे कोणाचा. तिने विभागाचं नाव वाचून दाखवलं. मी तिला पुन्हा वाचायला सांगितलं.

तुझ्या विभागाचं नाव होतं, धाकट्या.

आता मी एकच विचारते. तू मला "मला हात घालता येत नाही" असं लिहिलंस, तेव्हा तुला हे माहीत होतं का? खरं असेल ते लिही. मी मोठी आहे, सोसेन. खोटं असेल तर टाइप करून पाठव, मला ओळखता येईल.

मालक आज सांगून गेला की पार्सलवाले जागा मागतायत आणि तो आता पावसाळ्याची वाट बघणार नाही.

ताई


१९ एप्रिल

ती. ताई, नमस्कार.

हा काळ फार धावपळीत गेला. तुझ्या पत्राचं उत्तर फोनवर द्यावं म्हणून दोनदा फोन केला, तू उचलला नाहीस.

तो नियम समितीने केलेला आहे. समितीत बरेच लोक होते. मोजायचं असेल तर दिसायला हवं, एवढं साधं तत्त्व त्यामागे होतं. रफूचा विचार तेव्हा कोणाच्याच डोक्यात आला नाही, आणि एका हुन्नरासाठी सगळ्या देशाची मोजणी बदलता येत नाही. तू हे समजून घेशील असं वाटतं.

पण मी हातावर हात ठेवून बसलेलो नाही. चांगली बातमी आहे. ऑनलाइन कपडे विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीचं गोदाम तुमच्याच शहराबाहेर आहे. लोक कपडे मागवतात, आवडले नाहीत की परत पाठवतात. त्या परत आलेल्या कपड्यांसाठी कंपनीला पारखी नजरेची माणसं हवी आहेत. पदाचं नाव 'वस्त्र परीक्षक'. मी भाऊजींचं नाव सुचवलं आणि त्यांनी लगेच मान्य केलं. महिन्याच्या महिन्याला पगार, डोक्यावर छप्पर, भरपूर उजेड. कापडातच राहतील, आणि मालकाच्या दाढीला हात लावायची वेळ येणार नाही. या क्षेत्रात नोकऱ्या किती झपाट्याने वाढतायत याची तुला कल्पना नाही.

त्यांना नाही म्हणू देऊ नकोस.

तुझा धाकटा


२४ ऑगस्ट

धाकट्या,

तू पाठवलेला अहवाल पोचला. कागद छान गुळगुळीत आहे. वरती 'वाढीचे नवे धागे' असं नाव आणि खाली पानभर तुझे भाऊजी, डोळ्याला भिंग लावून. आत त्यांच्याबद्दल एक चौकट आहे. डिजिटल व्यासपीठामुळे पारंपरिक कारागीर विकासाच्या प्रवाहात सामील झाला, असं तिच्यात लिहिलंय. ते दुकान आता नाही. खिडकीला आतून पांढरा कागद चिकटवलाय आणि तिथे पार्सलांचे खोके रचलेत. मी दुसऱ्या रस्त्याने जाते.

तू इतके दिवस काही विचारलं नाहीस, मीही लिहिलं नाही. आज लिहिते, कारण तुझ्या अहवालात नोकऱ्यांचा आकडा आहे आणि त्यात तुझे भाऊजीही असणार. ते तिथे काय करतात ते तुला माहीत असायला हवं.

ते कपडे फाडतात.

परत आलेला कपडा टेबलावर येतो. तो उलटापालटा करून बघायचा. काही डाग नाही, कुठे धागा सुटलेला नाही, तर पुन्हा विक्रीला. जरा जरी काही सापडलं, तर कात्री घ्यायची आणि छातीवरून आडवा आणि पाठीवरून आडवा कापायचा, म्हणजे कोणाला घालता येऊ नये, विकता येऊ नये. मग तो खाली भोकात टाकायचा. नीट करायला जेवढा खर्च येतो त्यापेक्षा नवा करणं स्वस्त पडतं म्हणे. पहिल्या दिवशी यांना वाटलं, बाजूला काढलेले कपडे दुरुस्तीला जात असतील. त्यांनी सुयांची डबी नेली होती. दारावरच्या पहारेकऱ्याने ती काढून घेतली, आत टोकदार वस्तू चालत नाहीत म्हणून. कात्री मात्र आतूनच देतात, साखळीने टेबलाला बांधलेली.

सुरुवातीला हे लहानसहान चुकांकडे काणाडोळा करायचे. एखादा टाका निसटलेला, बारीकशी ओढ, एवढ्यासाठी चांगला कोट कशाला मारायचा, म्हणून सोडून द्यायचे. मग तेच कपडे गिऱ्हाइकांकडून तक्रारीसह परत आले. यांना बोलावून समज दिली. वरती कॅमेरा आहे. आता हे काही सोडत नाहीत. आणि त्यांची नजर तुला ठाऊक आहे. दुसऱ्यांना जे दिसत नाही ते त्यांना दिसतं, म्हणून तिथे सगळ्यात जास्त कपडे हेच कापतात. मागच्या महिन्यात भिंतीवर त्यांचा फोटो लावला होता, उत्तम कर्मचारी म्हणून. दोन महिन्यांत दोन गुळगुळीत फोटो झाले.

घरी आले की जेवतात आणि बसतात. बोलणं कमी झालंय. "इतर आले" असं म्हणत नाहीत आता. मला त्यांचे ते टोमणे नकोसे व्हायचे, आता कान लावून बसते. परवा माझ्या ओढणीला खिळ्याने ओढ बसली. मी बोलता बोलता सहज त्यांच्यापुढे केली, नेहमीची सवय. त्यांनी हातात घेतली, जागा बरोबर शोधली, आणि उजवा हात टेबलावर चाचपायला लागला. हात कात्री शोधतोय, हे त्यांच्या आणि माझ्या एकदमच लक्षात आलं. मी ओढणी काढून घेतली. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, शाळेतल्या मुलासारखे, आणि मला त्या क्षणी तुझा इतका राग आला की सांगता येत नाही.

मी तुला मार्चमध्ये एक प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर तू दिलं नाहीस. आता नको देऊस. मला कळलंय.

ताई


८ सप्टेंबर

ताई,

हे हाताने लिहितो आहे. अक्षर लागलं नाही तर माफ कर.

ते काम असं असेल हे मला खरंच माहीत नव्हतं. मला फक्त पदाचं नाव माहीत होतं. मी कंपनीशी बोलू का? पण मग त्यांची नोकरी जाईल अशी भीती वाटते. काय करू ते तूच सांग.

एक विनंती आहे, आणि ती करताना जिवावर येतंय. पुढच्या महिन्यात अहवालाचा मोठा समारंभ आहे. मला मंचावर बोलायचं आहे. बाबांचा कोट घालावा असं फार मनात होतं, बाबा असते तर समोर बसले असते. आणि परवा गाडीच्या दारात अडकून त्याची बाही फाटली, चांगली बोटभर. इथे दोघांना दाखवला. दोघांनीही नवा घ्या म्हणून सांगितलं.

भाऊजींना विचारशील का? मला वाटतं, त्यांच्याही हाताला बरं वाटेल. कोट सोबत पाठवला आहे. जे द्यायचं ते देईन. उगाच म्हणत नाही.

धाकटा


२९ सप्टेंबर

धाकट्या,

कोट पाठवते आहे.

मी तो न सांगता परत पाठवणार होते. कपाटात दडवून ठेवला होता. पण सुट्टीच्या दिवशी यांना सापडला. त्यांनी बाही उलटी केली, पत्र मागितलं, वाचलं. तुला शिव्या देतील असं मला वाटलं, निदान तुझ्या अक्षराची टर उडवतील. म्हणाले, "बाबांचा आहे." बस, एवढंच.

मग मला म्हणाले, घरात जेवढ्या कात्र्या आहेत तेवढ्या शेजारी नेऊन ठेव. मी नेऊन ठेवल्या. स्वयंपाकघरातलीसुद्धा.

दुकानातली खिडकी नाही, म्हणून गच्चीच्या दारात खुर्ची घेऊन बसले. हात ऐकत नव्हता. सुईत धागा जाईना. मी पुढे झाले तर मानेनेच नको म्हणाले. पहिलं विणलेलं उसवलं, दुसरं उसवलं. दर वेळी धागा थोडा झिजत होता आणि आत तेवढाच होता. मग केव्हातरी हाताला आठवलं. ते मला कसं कळलं, विचारू नकोस, मी इतकी वर्षं समोर बसले आहे. ऊन भिंतीवरून सरकेपर्यंत त्यांनी एकदाही वर बघितलं नाही.

झाल्यावर त्यांनी कोट उजेडाकडे धरला. मग मला दिला आणि म्हणाले, शोध. मी भिंग लावून शोधलं. दोन्ही बाह्या बघितल्या. मला सापडलं नाही. त्यांच्या तोंडावर ते जुनं साळसूद हसू आलं आणि लगेच गेलं. दुसऱ्या दिवशी ते कामावर गेले. सुयांची डबी त्यांनी मला देऊन टाकली आहे.

तू काय देऊ असं विचारलंस. काही नको. फाटल्याचा फोटो काढायचा राहिला, आणि आता काढून उपयोग नाही, कारण काही दिसत नाही. तुमच्या नियमाने हे काम झालेलंच नाही. तेव्हा आमचं तुझ्याकडे काही निघत नाही आणि तू आभारही मानू नकोस.

समारंभाला घाल. छान दिसेल. कुठे फाटला होता ते तुझ्या मॅडमना विचार, त्यांनाही सांगता येणार नाही.

फक्त घालायच्या आधी एकदा आतली दुमड उलटून बघ. तिथे आता नुसती कड आहे, धागा संपला. पुन्हा फाटला तर आमच्याकडे पाठवू नकोस. नवा घे. तेवढीच देशाची वाढ होईल.

ताई